मेजर ठरत नसेल तर आधी तिसऱ्या वर्षाचं जर्नल मागा

"मॅडम, मेजर कोणता घेऊ?" एफवायचा निकाल लागला की हा प्रश्न सुरू होतो. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय. विचारताना मुलं इतकी ओशाळलेली असतात, की जणू ठरलं नाही हा त्यांचाच गुन्हा. मी नाशिकमध्ये तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, वीस-बावीस मुलांची मेंटॉर आहे. आणि मला स्वतःला आपला विषय कोणता हे कळायला दुसऱ्या वर्षाचे तीन आठवडे वाया घालवावे लागले होते.

आमच्या वेळी शब्द 'स्पेशल' होता. बी.ए.च्या पहिल्या वर्षी सगळे विषय जनरल, दुसऱ्या वर्षाला एक स्पेशल धरायचा आणि तोच तिसऱ्या वर्षापर्यंत न्यायचा. मी २०१२ला एफवायला आले. निफाड तालुक्यातून सकाळच्या एसटीने जुन्या सीबीएस बसस्थानकावर उतरायचं आणि तिथून कॉलेजपर्यंत पायी, कारण रिक्षाचे पैसे वाचवून वडापाव होत असे. घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. वडील म्हणाले, "तुला जमेल ते घे." याच्याइतका निरुपयोगी सल्ला नाही, पण त्यांनी तो प्रेमाने दिला होता. मामा म्हणाला, "राज्यशास्त्र घे, एमपीएससीला कामाला येईल." माझी मैत्रीणही राज्यशास्त्रच घेत होती. झालं, फॉर्म भरला.

मामाचं वाक्य आजही निम्म्या घरांत ऐकू येतं, म्हणून इथेच सांगून टाकते. राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि तिच्यात वैकल्पिक विषय आला, हे खरं. पण तो आयोगाच्या यादीतून निवडायचा असतो, पदवीचाच असायला हवा असं नाही. एवढ्या एका कारणासाठी तीन वर्षं नको त्या विषयात काढू नका.

राज्यशास्त्र वाईट नव्हतं. सर छान शिकवायचे, मी नोट्स उतरवून घ्यायचे आणि घरी वही उघडायचे नाही. भूगोल माझा जनरलला होता. एका तासाला सरांनी टेबलावर आमच्या भागाची टोपोशीट, म्हणजे तपशीलवार नकाशा, पसरली, सर्व्हे ऑफ इंडियाची, १:५०,००० प्रमाणाची. म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. मी आधी नांदूर मध्यमेश्वर शोधलं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा, त्यामागे पसरलेलं निळं पाणी. हिवाळ्यात पक्षी बघायला मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन लोक तिथे येतात, आणि आम्ही गावातली पोरं त्यांना हसायचो. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, त्याची बेटं झाली, म्हणून तिथे पक्षी उतरतात, हे मला त्या दिवशी कळलं. लहानपणापासून बघत असलेल्या पाण्यालाही कारण असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तास संपल्यावर मी सरांना विचारलं, "स्पेशल बदलून भूगोल घेऊ का?" ते हो म्हणाले नाहीत. त्यांनी कपाटातून तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, आणि दोन जुन्या प्रश्नपत्रिका काढून दिल्या. "आठ दिवस ठेव. यातलं सगळ्यात रटाळ पान शोध आणि ते स्वतः करून बघ."

रटाळ पान लगेच सापडलं. नकाशावर चौकटी आखायच्या, प्रत्येक रेघेला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) किती ठिकाणी छेदतात ते मोजायचं आणि त्यावरून सरासरी उतार काढायचा. मी रविवारी दुपारी बसले. कंटाळा आला, अगदी जांभया येईपर्यंत. पण शेवटी बेरीज जुळेना, तेव्हा पुन्हा पहिल्या चौकटीपासून मोजायला बसले. कुणी सांगितलं नव्हतं. राज्यशास्त्राच्या नोट्समध्ये चूक राहिली असती तर मी तशीच पुढे गेले असते.

मुलांना मी आता हेच करायला लावते. 'आवड कशात आहे' हा प्रश्न अठराव्या वर्षी फार मोठा होतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या चांगल्या शिक्षकाचं नाव असतं. त्यापेक्षा विषयातलं सगळ्यात कंटाळवाणं काम करून बघा आणि ते चुकल्यावर पुन्हा करावंसं वाटतं का, एवढं तपासा.

बदल करताना ऑफिसच्या खिडकीवर मला सांगितलं गेलं, "आता बदलता येत नाही." नोटीस बोर्डवर चार दिवस शिल्लक असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. नियम नेहमी लेखी वाचा आणि तारखेचा फोटो काढून ठेवा. राज्यशास्त्राच्या सरांनी न कुरकुरता सही केली, फक्त विचारलं, "तिकडेही कंटाळा आला तर?" मी म्हटलं, "आला आहे सर, तरी जाते." झालेली प्रॅक्टिकल्स भरून काढायला दिवाळीची सुट्टी गेली. बदल फुकट होत नाही.

त्यानंतर बरंच बदललं. २०१४ला विद्यापीठाचं नाव बदललं, म्हणून माझ्या गुणपत्रिकांवर दोन नावं आहेत आणि ते अजून ठिकठिकाणी समजावून सांगावं लागतं. पॅटर्न बदलले. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षी तीन विषय, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर आणि एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय. म्हणजे एक सुटणार. एफवायला तीन विषय निवडताना मुलं दोन मनापासून घेतात आणि तिसरा 'सोपा आहे म्हणून'. तिथेच एक दार बंद होतं. तिसरासुद्धा असा घ्या, की पुढे मेजर करावा लागला तरी चालेल.

ओपन इलेक्टिव्हकडे तर कुणी बघतच नाही, मित्र जिकडे तिकडे आपण. तो तुमच्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो आणि साधारण दोन क्रेडिटचा असतो. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. तीस तासांत दुसऱ्या शाखेची चव घेता येते आणि पटली नाही तर पदवीला धक्का लागत नाही. कला शाखेच्या मुलाला वाणिज्याचं काही खुणावत असेल, तर इतकी स्वस्त चाचणी पुन्हा मिळणार नाही. एका वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे खरी, पण ठरत नाही म्हणून ती वापरू नका. घरी बसून ठरत नाही, मी पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. विषय यादीत असला तरी पुरेशी मुलं आली नाहीत तर त्याचा मेजर चालत नाही. विभागात जाऊन थेट विचारा: गेल्या वर्षी किती मुलं होती, पूर्णवेळ शिक्षक किती, मेजर-मायनरचे तास एकमेकांवर येतात का.

मेंटॉरबद्दल खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी हे काम फाइलपुरतं असतं. सही घेतली, तारीख टाकली, झालं. मीही घाईच्या आठवड्यात तसं केलं आहे. म्हणून तुम्ही येताना प्रश्न धारदार आणा. "कोणता घेऊ?" विचारलंत तर तुम्हाला त्या शिक्षकाचाच विषय मिळेल. दोन विषयांची नावं घेऊन या आणि विचारा, "टीवायला यात आठवडाभर नेमकं काय करावं लागतं?" गेल्या वर्षी एका मुलाला मानसशास्त्र हवं होतं, लोकांची दुःखं ऐकायची होती त्याला. मी त्याला टीवायच्या मुलांबरोबर कॅन्टीनला बसवलं. तिथे त्याला कळलं, की वाटेत संख्याशास्त्र आहे, प्रयोग आणि अहवाल आहेत, आणि समुपदेशक व्हायला नुसतं बी.ए. सहसा पुरत नाही, पुढेही शिकावं लागतं. त्याने तरीही मानसशास्त्रच घेतलं, पण आता सरासरी आणि प्रमाण विचलन काढताना कुरकुरत नाही.

यंदा सिन्नरची एक मुलगी आली. तिला माझं जुनं जर्नल दिलं, आठ दिवसांच्या बोलीवर. पाचव्याच दिवशी परत घेऊन आली. "मॅडम, रागावू नका. रेघा मोजताना डोकं उठलं. पण मागच्या पानावर पावसाचे आणि कांद्याच्या भावाचे आकडे होते ना, त्यांचा आलेख मी तीनदा काढला." मी तिला अर्थशास्त्राच्या विभागात घेऊन गेले. जर्नल सध्या दुसऱ्या एका मुलाकडे आहे.