एलेरॉनचं डिफरन्शियल आधी पुठ्ठ्यावर जुळवा
स्टिक डावीकडे नेली की उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली येतो, त्या पंखावरचा ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो आणि विमानाचं नाक वळणाच्या उलट, उजवीकडे ओढलं जातं. वेग कमी आणि पंख लांब असल्यामुळे अल्ट्रालाइटमध्ये (अगदी हलक्या छोट्या विमानात) हे चांगलंच जाणवतं. म्हणून वर जाणारा एलेरॉन खाली येणाऱ्यापेक्षा जास्त हलायला हवा; हेच डिफरन्शियल. वर 20 अंश, खाली 10, असं साधारण दोनास एक प्रमाण सुरुवातीला चालतं.

त्यासाठी वेगळा भाग लागत नाही. एलेरॉन मध्यावर असताना बेलक्रँकची (हालचालीची दिशा बदलणाऱ्या, खिळीवर फिरणाऱ्या तुकड्याची) भुजा पुशरॉडशी (एलेरॉन ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या दांड्याशी) काटकोनात न ठेवता थोडी कलती ठेवा. किती, ते धातू कापण्याआधी पुठ्ठा आणि टाचण्यांच्या पूर्ण मापाच्या नमुन्यावर कोनमापकाने ठरवा. कल उलट्या बाजूला गेला तर खालचीच हालचाल वाढते! आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्टिक टोकाला नेल्यावर भुजा आणि रॉड एका रेषेच्या जवळ येता कामा नयेत, नाहीतर यंत्रणा हवेत अडकू शकते. हालचाल रोखणारे पक्के स्टॉप त्याच्या बरेच आधी बसवा.

जोडणी झाल्यावर एलेरॉन धरून स्टिक हलवा. ढिलेपणा जाणवला तर उडू नका, तो फ्लटरला (हवेत एलेरॉन किंवा पंखाच्या धोकादायक थरथरीला) वाट करून देतो.