कॉनराडिना लावताय? आधी या चुका टाळा

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याला समांतर पांढऱ्या वाळूचा एक चिंचोळा उंचवटा आहे. मोठ्या फुलांची कॉनराडिना (इंग्रजीत फॉल्स रोझमेरी) जगात फक्त त्या पट्ट्यात आपोआप उगवते. साधारण कमरेपर्यंत वाढणारं झुडूप, सुईसारखी पानं आणि फिकट जांभळी, आत ठिपके असलेली फुलं. वाळूच्या टेकड्यांवर वसाहती उठल्या, तशी ती राज्याच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत गेली. देशी झाडांच्या नर्सरीत रोप मिळतं, आपली इथली, फ्लोरिडातली मंडळी ते हौसेनं नेतात, आणि ऑगस्टात मला फोन येतो: "ताई, झाड वाळलं हो. पाणी तर रोज घालत होतो."

रोज घालत होता, म्हणूनच गेलं.

माझी पहिली तीन रोपं अशीच गेली. हातभर खोल खड्डे घेतले, वाळू काढून टाकली, शेणखत आणि कंपोस्ट भरलं, वर पाइनच्या सालीचा जाड थर दिला. तेव्हा सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी एक पान चुरडून हुंगलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर तुळशीच्या घरातलीच दिसते." खरंच होतं ते, दोघी एकाच कुळातल्या. दुसऱ्या दिवसापासून आंघोळ झाली की प्रत्येकीला तांब्याभर पाणी सुरू झालं. लॉनचे फवारे होतेच, जूनमध्ये पाऊसही लागला. जुलैत शेंड्यांनी माना टाकल्या, तेव्हा तहान लागली असेल म्हणून आम्ही दोन-दोन तांबे घालू लागलो.

शेवटी एक रोप हलक्या हातानं ओढलं, तर ते अख्खं वर आलं. मुळांची साल बोटांना चिकटून निघाली, आत नुसता दोरा राहिला आणि कुबट वास सुटला. खड्ड्याच्या कडेपलीकडे एकही मूळ गेलेलं नव्हतं. भोवतीच्या वाळूतून पाणी निघून जात होतं, खड्ड्यातल्या खतात मात्र ते साचून राहिलं होतं. वाळूत आपण चिखलाचं मडकं पुरलं होतं.

एकदा पान उलटं करून बघा. कडा खाली वळलेल्या असतात आणि आत पांढरी लव असते. पाणी जपायची सोय झाडानं स्वतःच केलेली आहे. म्हणून खड्ड्यात काहीही घालू नका, निघालेली वाळूच परत भरा. मी आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते. ते बघता बघता जिरलं नाही, तर जागा बदलते. मातीचा गोळा जमिनीपेक्षा दोन बोटं वर ठेवते. पहिले दोन-तीन आठवडे दिवसाआड पाणी, मग हळूहळू कमी, आणि तीन महिन्यांनी बंद. जवळच्या फवाऱ्याला टोपी लावून टाकते. टायमरवर सगळी बाग सोडून देणाऱ्यांनी हे झाड आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सावलीत लावू नका. सालीचं आच्छादन नको, बुंध्याभोवती वाळू उघडीच हवी. खत कधीच नको. छाटणी करायची तर हिरव्या शेंड्यांपुरती. लाकडापर्यंत कापलं की तिथून बहुधा फुटत नाही. नावात रोझमेरी आहे म्हणून ती सूपमध्ये घालू नका.

आणि रानातून उपटून आणू नका. नर्सरीचे पैसे वाचवायला लोक हे करतात, त्याचा मला मनापासून संताप येतो. ते झाड तुमच्याकडे जगत नाही आणि तिथलंही एक कमी होतं. तशीच दुसऱ्या भागातली कॉनराडिना रानाजवळच्या बागेत लावू नका. कॉनराडिनाच्या जातींचा आपसात संकर होतो, आणि १९९३ साली त्यांपैकी तीन अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत गेल्या आहेत. मधमाशीला कुंपण कळत नाही.

झाड तसं अल्पायुषी, काही वर्षांचंच. म्हणून दर वसंतात मी चार बोटं लांबीचे शेंडे जाड्या वाळूत खोचून ठेवते. घाई करून ते रोज उपटून बघू नका, मुळं धरायला वेळ लागतो.

गेल्या वर्षी जुन्या झाडापासून हातभर अंतरावर, उघड्या वाळूत, एक रोप आपोआप आलं. त्याला मी आजवर एकदाही पाणी घातलेलं नाही. या मार्चमध्ये त्याला पहिली चार फुलं आली.