एक ते तीन वर्षांच्या मुलांचं रोजचं जेवण: वेगळा स्वयंपाक न करता

पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते, आणि नेमकं याच वेळी घरातले मोठे ताट भरून वाढायला लागतात. मग ते उरतं आणि ‘हा काही खातच नाही’ हे पालुपद सुरू होतं. बहुतेक वेळा मूल पुरेसं खात असतं, अंदाज मोठ्यांचा चुकलेला असतो.

किती वाढायचं

प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा (१५ मिली) एवढाच वाढा. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे डाळ, दोन चमचे भाजी. संपवून मागितलं तर परत वाढा. काय आणि कधी द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे मुलानं. ‘आज काय खाशील?’ असं दोन वर्षांच्या मुलाला विचारणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं. विचारायचंच तर ‘गाजर की मटार?’ एवढंच विचारा.

दिवसातून तीन जेवणं आणि दोन वेळा खाऊ, मध्ये अडीच-तीन तासांचं अंतर. या मधल्या वेळात फक्त पाणी. इथे सगळ्यात जास्त घोळ दुधामुळे होतो. दूध दिवसाला ५०० मिलीच्या आतच ठेवा आणि बाटलीऐवजी पेल्यातून द्या. त्याहून जास्त गेलं तर पोट दुधानंच भरतं. दुधात लोह नावापुरतंच असतं आणि या वयात रोज साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं. भरपूर दूध पिणारं गुटगुटीत मूलही त्यामुळे रक्तक्षयाकडे झुकू शकतं.

पायरी १: फोडणी, मीठ, तिखट पडण्याआधी काढून घ्या

डाळ, भाजी, मासा, चिकन शिजलं की मुलाचा वाटा आधी बाजूला काढा. या वयात दिवसभराचं मीठ २ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. पाव, चीज, बिस्किटं यांतून त्यातलं बरंचसं आधीच पोटात गेलेलं असतं. जिरं, धणे, दालचिनी, लसूण यांना मात्र हरकत नाही. मुलांचं जेवण बेचव असलंच पाहिजे, असं काही नाही.

पायरी २: कापण्याकडे नीट लक्ष द्या

गोल, कडक आणि चिकट, हे तीन प्रकार घशात अडकतात. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चार भागांत कापा. आडवं कापलं तर तुकडा गोलच राहतो आणि श्वासनलिकेत बूच बसावं तसा बसतो. मटार, छोले बोटानं चेपून द्या. कच्चं गाजर आणि सफरचंद किसून किंवा वाफवून द्या. अख्खे दाणे, सुकामेवा आणि पॉपकॉर्न पाच वर्षांपर्यंत नकोच. शेंगदाण्याचं लोणी द्यायचं तर पातळ थरात, चमच्यावर गोळा नको.

भाजी शिजली की नाही, हे अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून बघा. सहज चेपली तर झाली. खाताना मूल बसलेलंच हवं आणि कुणीतरी समोर हवं.

पायरी ३: रोजच्या रोज फिरवता येतील असे पदार्थ

*अंड्याचं धिरडं.* एक अंडं, दोन मोठे चमचे पीठ, दोन चमचे दूध आणि एक चमचा किसलेलं गाजर नीट फेटा. मिश्रण तव्यावर पातळ पसरून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शिजवा. आच मोठी झाली तर कडा चिवट होतात. मूल त्या चघळून थुंकून टाकतं आणि आपण समजतो, अंडं आवडत नाही. शिजल्यावर बोटाएवढ्या पट्ट्या कापा, म्हणजे हातात धरता येतात.

*डाळ-तांदूळ एकत्र.* अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मसूर डाळ आणि तीन वाट्या पाणी, चांगलं मऊ होईपर्यंत कुकरमध्ये. शेवटची पाच मिनिटं किसलेला भोपळा घालून उघडं शिजवा. वाढताना चमचाभर तूप किंवा तेल आणि लिंबाचे दोन-चार थेंब घाला. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. हा भात निवला की घट्ट होतो, म्हणून गरम पाणी बाजूला ठेवा.

*ओट्स.* तीन मोठे चमचे ओट्स १५० मिली दुधात पाच मिनिटं शिजवा, वरून अर्धं पिकलेलं केळं कुस्करा. साखर लागत नाही. थोडं पातळच उतरवा, नाहीतर थंड होईतो लुकण होतं.

खाऊ म्हणून वाफवलेल्या रताळ्याचे लांब तुकडे, फळ कुस्करून घातलेलं दही, चेपलेले छोले. मासा द्यायचा तर चमच्यावर विसंबू नका, बोटांनी चाचपूनच काटे काढा.

नको म्हटलं तर

नवा पदार्थ चमचाभरच, ओळखीच्या पदार्थाशेजारी ठेवा. काही मुलं आठव्या वेळी चाखतात, काही पंधराव्या. तोवर काही न बोलता ठेवत राहायचं. ‘भाजी संपव, मग गोड देते’ म्हटलं की भाजी ही शिक्षा ठरते. वीस-तीस मिनिटांनी ताट उचला, आणि उचलल्यावर लगेच बिस्किट हातात देऊ नका. नाहीतर ताट नाकारल्यावर बिस्किट मिळतं, हा धडा मूल एका दिवसात शिकतं.

उरलेल्याचं काय

भात शिजल्यावर तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करा. डाळ किंवा भाजीचा लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतो. एक खण साधारण दोन मोठ्या चमच्यांचा, म्हणजे वाटा आपोआप मोजला जातो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं ढवळून, थोडं थांबून, स्वतः चाखूनच द्या. वरून कोमट लागलं तरी मध्ये चटका बसतो. मुलाच्या ताटात उष्टं राहिलेलं मात्र परत ठेवू नये.

एखाद-दोन दिवस फारसं काही न खाणं हे या वयात नेहमीचंच. पण वजन घटत असेल, दर घासाला ठसका लागत असेल किंवा चार-पाच पदार्थांपलीकडे मूल काही तोंडातच घेत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना तीन दिवसांत दूध धरून काय काय पोटात गेलं, ते लिहून न्या.