तीनचाकीवर पहिला धोका जुन्या सवयीचा
वडिलांना अपंगत्वानंतर पुन्हा मोटरसायकल चालवायची असेल, तर तीनचाकी, म्हणजे मागे दोन चाकं असलेली मोटरसायकल, जरूर निवडा. फक्त दुचाकीचा मुरलेला हात इथे दगा देतो. बहुतेक तीनचाकी वळणावर झुकत नाहीत. वळायचं त्याच बाजूला हँडल जोर लावून फिरवावं लागतं. वेग वळणाआधीच कमी करायचा, नाहीतर आतलं चाक उचललं जातं. सगळ्यात जपायचं ते पायाला: थांबताना सवयीने पाय खाली टेकला, तर मागचं चाक त्यावरून जाऊ शकतं. पायाला संवेदना कमी असेल तर ही काळजी दुप्पट घ्या, पाय फूटरेस्टवरच राहील अशी सोय करून घ्या. ब्रेक, गिअर हाताशी हवेत का, हे त्यांना सीटवर बसवून त्यांनाच विचारा. मग रिकाम्या मैदानात सराव, सावकाश.