डीजेच्या पेटीत कार्ड मशीन

कार्यक्रम संपला की यजमान खिसे चाचपत विचारतात, ‘कार्ड चालेल ना?’ चालायलाच हवं. फोनला ब्लूटूथने जोडायचं छोटं मशीन पुरतं. घेताना कमिशन किती आणि पैसे खात्यात कधी येतात, ते विचारा. महिन्याचं भाडं असलेलं मशीन मी तरी घेणार नाही. आमच्या धंद्यात दोन-दोन महिने बुकिंग नसतं, भाडं मात्र चालूच.

खरी गोची रेंजची. एकदा तळघरातल्या हॉलमध्ये मशीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं, शेवटी यजमानांना जिना चढवून वर रस्त्यावर नेलं. तेव्हापासून उरलेली रक्कम मी सामान उतरवतानाच दारापाशी घेतो. मशीन आदल्या रात्रीच चार्ज करा. वायरींच्या गुंत्यात चार्जर सापडत नाही.

आगाऊ रक्कम पेमेंट लिंकने घ्या. फोनवर कोणी कार्डाचा नंबर सांगू लागलं तर थांबवा. कार्डामागचा तीन आकडी सीव्हीव्ही तर वहीत लिहूच नका. व्यवहार झाल्यावर तो साठवायला पीसीआय डीएसएसच्या, म्हणजे कार्डाची माहिती सुरक्षित ठेवण्याच्या नियमांत बंदी आहे. तारीख, वेळ, रद्द केल्यास किती परत, हे लेखी ठेवा. पुढे कोणी बँकेला ‘हा खर्च माझा नाही’ असं कळवलं, तर तोच कागद पुढे करायचा.