कप जिंकण्याची शक्यता किती? कागदावर काढायची रीत

एखादा संघ फुटबॉलचा वर्ल्ड कप किंवा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) जिंकेल का, या प्रश्नाला "यंदा चान्स आहे" हे उत्तर होत नाही. उत्तर टक्क्यांत द्यावं लागतं, आणि ते काढता येतं. लागतं काय? स्पर्धेचा पूर्ण आराखडा (कोणता गटविजेता पुढे कोणाशी भिडतो तो तक्ता), संघांचे एलो गुण (प्रत्येक निकालानंतर वर-खाली होणारे ताकदीचे गुण) आणि कॅल्क्युलेटर. गूगल शीट्स किंवा एक्सेल येत असेल तर काम बरंच हलकं होतं.

आधी एक अंदाज मनाशी धरून ठेवा. बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत सगळ्यात बलाढ्य संघाची शक्यतासुद्धा बहुतेक वेळा 15 ते 25 टक्क्यांच्या घरात असते. पहिल्या पसंतीचा संघ कप न जिंकण्याचीच शक्यता जास्त. तुमचं उत्तर 40 च्या वर गेलं, तर संघाचं कौतुक करण्याआधी गणित तपासा, कुठेतरी चुकलेलं असतं.

गुण कुठले घ्यायचे

फिफाची क्रमवारी ऑगस्ट 2018 पासून एलोच्याच धर्तीवर चालते, पण तिच्यात काही गोष्टी वेगळ्या आहेत. वर्ल्ड कप किंवा खंडीय स्पर्धेच्या बाद फेरीत हरलं तरी तिथे गुण कापले जात नाहीत, आणि मैत्रीपूर्ण सामन्यांना फारच कमी वजन आहे. शक्यता काढायला वर्ल्ड फुटबॉल एलोची यादी बरी. तिच्यात वर्ल्ड कपच्या सामन्याचं वजन (एका निकालाने गुण किती हलू शकतात ते) 60, खंडीय स्पर्धेचं 50, पात्रता सामन्याचं 40 आणि मैत्रीपूर्ण सामन्याचं 20 असतं. गोलांचा फरकही मोजला जातो.

दोन संघांच्या गुणांतला फरक 400 ने भागा. 10 चा तेवढा उणे घात काढा, त्यात 1 मिळवा, आणि 1 ला त्या संख्येने भागा. ही जास्त गुणांच्या संघाची अपेक्षा. फरक 0 असेल तर 0.50, 50 ला 0.57, 100 ला 0.64, 200 ला 0.76, 300 ला 0.85 आणि 400 ला 0.91 येतात. फिफाच्या सूत्रात 400 च्या जागी 600 असतात. एका यादीचे गुण आणि दुसरीचं सूत्र असा घोळ सर्रास होतो, आणि त्यात तगड्या संघाची शक्यता भलतीच फुगते किंवा आक्रसते.

हा आकडा म्हणजे निव्वळ विजयाची शक्यता नव्हे. त्यात बरोबरी अर्धी धरलेली असते. गटात म्हणून तो जसाच्या तसा चालत नाही. बाद फेरीत मात्र चालतो: तिथे बरोबरी जादा वेळेत किंवा पेनल्टींवर सुटते, ती साधारण अर्धी-अर्धी वाटली तर हाच आकडा पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता ठरतो. युरो 2016 मध्ये पोर्तुगालने सातपैकी फक्त एक सामना 90 मिनिटांत जिंकला, वेल्सविरुद्धचा उपांत्य सामना. बाकी गटात तीन बरोबऱ्या, क्रोएशियाला जादा वेळेत हरवलं, पोलंडला पेनल्टींवर, आणि अंतिम सामन्यात फ्रान्सला पुन्हा जादा वेळेत. बरोबरीला हार समजून गणित करणाऱ्याच्या हिशेबात असा विजेता बसतच नाही.

यजमान संघांपाशी सावध राहा. ते पात्रता फेरी खेळत नाहीत, दोन-अडीच वर्षं मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढतात आणि त्यांचे गुण शिळे होतात. 2018 मध्ये रशिया फिफा क्रमवारीत 70 वा, म्हणजे स्पर्धेतल्या सगळ्या संघांत तळाला होता. तोच रशिया स्पेनला पेनल्टींवर बाहेर काढून उपांत्यपूर्व फेरीत गेला. घरच्या मैदानासाठी एलोत 100 गुण वाढवण्याची पद्धत आहे. वर्ल्ड कपसाठी आम्ही 60 ते 70 पुरे मानतो: पहिल्या 22 स्पर्धांत यजमान सहा वेळाच जिंकले, शेवटचा 1998 मध्ये फ्रान्स, आणि 2022 मध्ये कतार तर तिन्ही सामने हरला. अपवाद उंचीवरच्या मैदानाचा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे. तिथे मेक्सिकोला पूर्ण 100 द्या.

गटाचं गणित

गटासाठी विजय, बरोबरी आणि हार वेगवेगळी काढावी लागतात. त्यासाठी दोन्ही संघांचे अपेक्षित गोल ठरवा. गेल्या दोन वर्षांतल्या स्पर्धात्मक सामन्यांची सरासरी घ्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीप्रमाणे ती कमी-जास्त करा. सॅन मरिनोसारख्या दुबळ्या संघाला घातलेले आठ गोल सरासरीत तसेच राहू दिले, तर पुढचं सगळं बिघडतं.

समजा आपल्या संघाचे 1.8 आणि समोरच्याचे 0.9 गोल अपेक्षित आहेत. शीटमधलं पॉयसनचं सूत्र (सरासरीवरून प्रत्येक गोलसंख्येची शक्यता देणारं) वापरून 0 ते 5 गोलांच्या शक्यता काढा. आपले शून्य गोल 0.165, एक 0.298, दोन 0.268, त्यांचे शून्य 0.407, एक 0.366, दोन 0.165, आणि असंच पुढे. प्रत्येक स्कोअरलाइनसाठी दोन्हींचा गुणाकार करा. 1-1 ची शक्यता 0.298 गुणिले 0.366, म्हणजे सुमारे 11 टक्के. सगळ्या बरोबऱ्यांची बेरीज 23 टक्के, विजय 59, हार 18. साधं पॉयसन 0-0 आणि 1-1 थोडे कमी दाखवतं, कारण सामना अडकला की दोन्ही संघ जपून खेळतात आणि एकाचे गोल दुसऱ्यापासून सुटे राहत नाहीत. म्हणून बरोबरीत दोन टक्के वाढवा आणि तेवढे विजय-हारीतून वाटून वजा करा.

तिन्ही सामन्यांचे तीन-तीन निकाल, म्हणजे 27 शक्यता. हातानेही होतात. पण फक्त आपल्या संघाचे गुण मोजून भागत नाही, गटातले उरलेले तीन सामनेही मांडावे लागतात. 24 संघांच्या युरोत सहापैकी चार तिसरे संघ पुढे जातात. 2016, 2020 आणि 2024 या तिन्ही युरोंत चार गुणांवरचा तिसरा संघ दर वेळी पुढे गेला. तीन गुणांवरचे काही गेले, काही राहिले. 2024 मध्ये युक्रेनचे मात्र चार गुण असूनही गच्छंती झाली, कारण त्या गटात चौघांचेही चार-चार गुण होते आणि युक्रेन चौथा आला. समान गुणांचा नियम त्या-त्या स्पर्धेचा वाचून घ्या. युरोत आपसातला निकाल आधी बघतात, 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये एकूण गोलफरक आधी होता.

वाट: इथेच खरा फरक पडतो

संघाच्या ताकदीवर लोक तासन्‌तास बोलतात आणि आराखड्याकडे बघतही नाहीत. युरो 2024 मध्ये इंग्लंडने पाच गुणांवर गट जिंकला: सर्बियाला 1-0 हरवलं, डेन्मार्कशी 1-1, स्लोव्हेनियाशी 0-0. पुढे वाट्याला आले स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्स. त्याच गटात दुसऱ्या आलेल्या डेन्मार्कची गाठ थेट यजमान जर्मनीशी पडली आणि तो 2-0 हरला. स्पेनला जॉर्जियानंतर जर्मनी, फ्रान्स आणि इंग्लंड असे तिघे ओलांडावे लागले. म्हणून गटात पहिलं येण्याची आणि दुसरं येण्याची शक्यता वेगळी काढा आणि दोन्ही वाटांचं गणित स्वतंत्र करा.

एका वाटेचा नमुना असा. गटातून पुढे जाण्याची शक्यता 0.95. अंतिम 16 मध्ये गुणांचा फरक 250, म्हणजे 0.81. उपांत्यपूर्व फेरीत फरक 120, 0.666. उपांत्य फेरीत 70, 0.60. अंतिम सामन्यात 40, 0.557. सगळ्यांचा गुणाकार 0.171. संघ प्रत्येक सामन्यात वरचढ आहे, तरी शक्यता 17 टक्के. आता उपांत्यपूर्व फेरीतला प्रतिस्पर्धी बदला, फरक 120 ऐवजी 20 धरा. तिथे 0.529 येतात आणि शेवटचा आकडा साडेतेरावर उतरतो. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच.

समोर कोण येईल हे ठाऊक नसतं, तेव्हा प्रत्येक संभाव्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धची शक्यता काढा आणि तो समोर येण्याच्या शक्यतेने गुणा. वरच्या नमुन्यातल्या उपांत्यपूर्व फेरीच्या दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी पहिला 60 टक्के वेळा आणि दुसरा 40 टक्के वेळा समोर येणार असेल, तर 0.6 गुणिले 0.666 अधिक 0.4 गुणिले 0.529, म्हणजे 0.61. प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची सरासरी काढून एकच सामना मांडू नका, आणि अंतिम सामन्यात सगळ्यात तगडाच संघ येईल असंही धरू नका. तोही वाटेत गळू शकतो.

2026 पासून वर्ल्ड कपमध्ये 48 संघ आहेत, विजेत्याला सातऐवजी आठ सामने खेळावे लागतात. ही जादा बाद फेरी सोपी वाटली (फरक 300, 0.85) तरी 17 टक्क्यांचे साडेचौदा होतात.

माणसं आणि थकवा

दुखापती आणि निलंबनं एलोत दिसत नाहीत. एका खेळाडूसाठी 30 पेक्षा जास्त गुण कापू नका, तो कितीही मोठा असला तरी. पण एकाच भागातले दोघे गेले तर बेरजेपेक्षा जास्त कापा, कारण पर्यायी खेळाडूच्या शेजारीही पर्यायीच उभा राहतो. 2014 च्या उपांत्य सामन्यात ब्राझीलकडे पाठीच्या मणक्याच्या दुखापतीमुळे नेमार नव्हता आणि पिवळ्या कार्डांमुळे बचावातला कर्णधार थियागो सिल्व्हाही नव्हता. जर्मनीने 7-1 ने हरवलं. एवढा मोठा निकाल कुठलंही गणित आधी सांगत नाही, पण त्या दिवशी ब्राझीलचे गुण आधीसारखेच धरणं चूक होतं. पिवळ्या कार्डांचा हिशेब उपांत्यपूर्व फेरीपर्यंत ठेवा. गेल्या काही वर्ल्ड कपमध्ये त्यानंतर जुनी एकेरी कार्डं रद्द होतात.

जादा वेळेचाही हिशेब हवा. 2018 मध्ये क्रोएशिया डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंड या तिघांविरुद्ध 120 मिनिटं खेळून अंतिम सामन्यात उतरला, म्हणजे फ्रान्सपेक्षा अख्खा एक सामना जास्त. आधीची बाद फेरी 120 मिनिटांची झाली असेल आणि विश्रांती चार दिवसांपेक्षा कमी असेल तर आम्ही 20 गुण कमी करतो. पेनल्टी शूटआउटसाठी वेगळे गुण देऊ नका. इंग्लंड 1990 ते 2012 दरम्यान सहा शूटआउट हरला, त्यावरून त्याच्या नशिबात ते नाहीच असं लोक मानत. 2018 मध्ये कोलंबियाविरुद्ध आणि 2024 मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध तो जिंकला, दुसऱ्या वेळी पाचही पेनल्टी गोलात.

मोठ्या नावाचं दडपण, "जिंकायची सवय" वगैरेंना आकडा देण्याचा मोह टाळा. 2002 ते 2018 दरम्यान चार गतविजेते गटातच बाद झाले: फ्रान्स 2002, इटली 2010, स्पेन 2014, जर्मनी 2018.

आकड्याची परीक्षा

संघाचे गुण 50 ने चुकलेले असू शकतात, हे गृहीत धरा. वरचाच नमुना सगळे फरक 50 ने वाढवून केला तर शक्यता 25 टक्के येते, 50 ने घटवून केला तर सुमारे 11. म्हणून उत्तर "17.1 टक्के" असं दशांशासकट सांगू नका; "11 ते 25, मध्य 17 च्या आसपास" एवढंच खरं आहे.

शीटमध्ये यादृच्छिक आकड्यांनी पूर्ण स्पर्धा खेळवणार असाल तर किमान 10,000 वेळा खेळवा. 1,000 फेऱ्यांत 17 टक्क्यांचा आकडा नुसत्या योगायोगाने सव्वादोन टक्के इकडेतिकडे होतो, 10,000 मध्ये पाऊण टक्का. मग सगळ्या संघांच्या बेरजा तपासा. कप जिंकण्याच्या शक्यतांची बेरीज 100 हवी, अंतिम फेरी गाठण्याच्या 200, उपांत्य फेरीच्या 400. जमत नसेल तर आराखड्यात कुठेतरी एक संघ दोनदा पडलाय.

परदेशी सट्टाबाजाराचे भाव फक्त ताळा करायला बघा. भारतात पैसे लावून असले ऑनलाइन खेळ खेळवणं कायद्याने बंद आहे. भाव 5 म्हणजे 1 भागिले 5, 20 टक्के. सगळ्या संघांची अशी बेरीज 100 च्या वर जाते, कारण त्यात धंदेवाल्यांचा नफा असतो. बेरीज 120 असेल तर 20 ला 1.2 ने भागा, खरा आकडा 16.7. तुमचं उत्तर त्याच्या दुप्पट किंवा निम्मं असेल तर चूक आधी स्वतःच्या शीटमध्ये शोधा.

हीच रीत भारतासाठीही चालते, फक्त प्रश्न बदला. आशियाई कपचा आराखडा युरोसारखाच, 24 संघ आणि सहा गट. 2023 च्या स्पर्धेत भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाकडून एकही गोल न करता हरला. अशा संघासाठी कपची टक्केवारी काढून काही कळत नाही. तीन गुण मिळवून तिसऱ्या जागेवरून पुढे जाण्याची शक्यता काढा, आणि त्यासाठी सगळ्यात दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्यावर वेळ घालवा.

वर्ल्ड कप सुरू झाल्यावर प्रत्येक सामन्यानंतर गुण बदला: नवे गुण म्हणजे जुने गुण अधिक 60 गुणिले (निकाल वजा अपेक्षा). विजयाला 1, बरोबरीला अर्धा, हारीला 0; दोन गोलांनी जिंकलं तर 60 ऐवजी 90. 2022 मध्ये अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून 2-1 हरला, तशा सामन्यात आधीचा फरक 500 धरला तरी 57 गुणच जातात. संघ तेवढाच घसरला असं माना. त्याहून मोठा फटका गटातल्या स्थानाला बसतो, म्हणून त्या रात्री आधी गटाची 27 शक्यतांची यादी नव्याने मांडा, आणि गुण त्यानंतर.