जनगणनेच्या आकड्याला गावच्या दप्तराची जोड कशी द्यावी

माझी सगळी नोकरी बीड जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून झाली. आता पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, गावात हाक मात्र अजून ‘भाऊसाहेब’च. नव्याने रुजू झालेली पोरं हमखास विचारतात, गावाच्या विकास आराखड्यात लोकसंख्या कुठली धरायची? अधिकृत आकडा २०११ चाच, त्यात खाडाखोड करायची नाही. पण पाण्याची टाकी केवढी हवी हे त्या आकड्यावर ठरवलंत तर मे महिन्यात बायका हंडे घेऊन ग्रामपंचायतीत येतील.

आधी हा आकडा कुठल्या दिवसाचा ते समजून घ्या. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि १ मार्चची मध्यरात्र प्रमाण धरली. त्या दिवसांत आपल्याकडचा निम्मा तरुण गडी ऊस तोडायला परमुलखात फडात असतो. नियम असा होता की गणनेच्या पूर्ण काळात जो घरी नव्हता, तो घरच्या यादीत धरायचा नाही. जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड्यांच्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत, प्रगणक पोचला तर माणूस तिकडे मोजला गेला, नाहीतर कुठेच नाही. आपल्या गावाचा आकडा कमी दिसतो त्यात मोजणाऱ्या गुरुजींचा दोष नाही, हंगामाचा आहे.

आता कामाला लागा. जिल्हा जनगणना पुस्तिकेतून गावाची एकूण लोकसंख्या, कुटुंबं आणि ० ते ६ वयाची मुलं एवढं उतरवा. वस्त्या आणि तांडे त्यात धरलेत का पाहा. मधल्या काळात तांड्याला वेगळा महसुली दर्जा मिळाला असेल तर जुना आकडा दोन्ही मिळून असतो, आणि तुलना तिथेच घसरते.

मग एक कोरी वही घ्या. एक ओळ म्हणजे एक चूल. जनगणनेतही कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. रेशन कार्ड किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. घरांची यादी नमुना ८ वरून, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीवरून घ्या, पण त्यात गोठे आणि कायमची कुलूपबंद घरंही असतात, ती बाजूला काढा. माणसं भरायला सगळ्यात भरवशाचं दप्तर अंगणवाडी ताईंचं. कुटुंब सर्वेक्षणासाठी त्या दारोदार फिरतात, कोणाची सून आली आणि कोणाचा मुलगा वेगळा निघाला हे त्यांना तोंडपाठ असतं. रेशनची यादी आणि मतदार यादी पडताळणीपुरती वापरा. दप्तरांच्या आकड्यांची बेरीज कधीही करू नका, एकच माणूस चार ठिकाणी असतो. मतदार यादीत तर सासरी गेलेली लेक आहे, पुण्याला स्थायिक झालेला भाऊ आहे आणि कधीकधी वारलेले आजोबाही.

जन्मनोंदीपाशी बहुतेक जण फसतात. आपल्या रजिस्टरला वर्षात चारच जन्म दिसतात आणि साहेब म्हणतात, गावात पोरं होईनात की काय! जन्म जिथे झाला तिथे नोंदवला जातो. बाळंतपण तालुक्याला किंवा अंबाजोगाईच्या दवाखान्यात, तर नोंदही तिकडेच. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून गावचे जन्म आशाताईंच्या गरोदर मातांच्या नोंदीवरून काढा, आपल्या रजिस्टरवरून नको. दवाखान्यात झालेल्या मृत्यूंचंही तेच. ते भावकीत विचारून वहीत घ्यायचे.

आता खरं काम. प्रत्येक माणसापुढे तीन रकाने करा: बारमाही गावात, हंगामाला बाहेर, कायमचा बाहेर. हंगामाचा रकाना भरायला ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांसाठी केलेली नोंदणी काढा. आई-बापाबरोबर जाणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतात, शाळेतून त्या मुलांची यादी मागा. आई-बाप गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असेल तर त्याचीही. शेवटी तोडणीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमाशी एकदा चहा घ्या. त्याच्या वहीत किती कोयत्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे दिले हे लिहिलेलं असतं, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. पैशाचा मामला असल्यामुळे ती वही सहसा चुकत नाही.

समजा हंगामाच्या रकान्यात ३०० माणसं निघाली. जलजीवन या नळपाणी योजनेच्या माणशी ५५ लिटरने रोजचं १६,५०० लिटर पाणी झालं. ही माणसं पाडव्याच्या मागेपुढे परत येतात, नेमकी विहिरी तळाला जातात तेव्हा. टाकीचा हिशोब म्हणूनच पहिल्या दोन रकान्यांच्या बेरजेवर करायचा. शाळेच्या पोषण आहाराला मात्र जानेवारीचा पट वेगळा आणि जूनचा वेगळा, तिथे एकच आकडा चालवू नका.

वहीचा उपयोग कुठे करायचा नाही तेही सांगतो. पुढची गणना १ मार्च २०२७ धरून आहे, म्हणजे पुन्हा ऐन हंगामात. प्रगणकाला वाड्या-वस्त्यांची आणि वाटांची माहिती जरूर द्या, पण नावांची वही उतरवायला देऊ नका. त्याने माणसाला विचारून लिहायचं असतं. जनगणनेची कुटुंबवार माहिती तुम्हीही मागू नका. १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ ने ती गोपनीय आहे, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. याच कायद्यात बाईने रिवाजाप्रमाणे नवऱ्याचं नाव घेतलं नाही तरी चालेल अशी सोय आहे, हे किती जणांना माहीत असतं! तुमच्या वहीतही आधार क्रमांक लिहू नका, आणि ग्रामसभेत फक्त बेरजा वाचा. अमक्याचा मुलगा ‘कायमचा बाहेर’ हे चारचौघांत वाचलंत तर त्याच्या घरकुलावरून भांडण पेटलंच म्हणून समजा.

दिवाळीआधी टोळ्या निघायच्या वेळेला मुकादमांना एक निरोप द्या: तळावर मोजायला कोणी आलं तर सगळ्यांची नावं सांगा, लेकरांचीसुद्धा. वही दर वर्षी पाडव्यानंतर तपासा आणि पानाच्या डोक्यावर महिना, वर्ष आणि माहिती कुठल्या दप्तरातून घेतली ते लिहा. तुमची बदली झाल्यावर येणाऱ्या माणसाला ते लागणार आहे.